कोठाराची किल्ली

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आपण एकाच चौरंगावर दोन निरनिराळ्या गोष्टी मांडतो. एकीकडे नाणी, दागिने, घरात असेल-नसेल ते धन. आणि दुसरीकडे हिशेबाची कोरी वही. आमच्या सोलापुरात चाटी गल्लीतल्या कापडाच्या दुकानांतून हा सोहळा पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. धनाला हळदकुंकू वाहावे हे समजण्यासारखे आहे. पण वहीला का? वडीलधारी माणसे याचे उत्तर सहज देतात : लक्ष्मी चंचल आहे, वही तिला जागेवर ठेवते. उत्तर बरोबर आहे, पण पुरते नाही. कारण धन आणि वही यांच्यामध्ये एक तिसरी गोष्ट असते आणि तिची पूजा कोणी मांडत नाही. ती म्हणजे तिजोरीची किल्ली. किंवा खरे म्हणजे, ती किल्ली ज्याच्या कनवटीला असते तो माणूस.

दुसऱ्याचे धन सांभाळणाऱ्या या माणसाचे पहिले कर्तव्य कोणते? वही चोख राखणे, की ज्यांच्यासाठी ते धन आहे त्यांची गरज भागवणे? दोन्ही, असे आपण चटकन म्हणून जातो, आणि वर्षातले बहुतेक दिवस ते खरेही असते. पण एखादा दिवस असा उगवतो की वही एक सांगते आणि मन दुसरेच सांगते. त्या दिवशी किल्लीवाल्याने काय करावे? हा प्रश्न जसा राज्याच्या अर्थमंत्र्यापुढे उभा राहतो, तसाच तो बायकांच्या भिशीचे पैसे सांभाळणाऱ्या एखाद्या काकूंपुढेही उभा राहतो. रकमेत फरक असेल, प्रश्नात नाही.

आमच्या जिल्ह्याला हा प्रश्न काही नवा नाही. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा कोणी ऐकली नाही? पंधराव्या शतकात बिदरच्या बादशहाचे अंमलदार म्हणून ते मंगळवेढ्यास होते, असे परंपरा सांगते. मोठा दुष्काळ पडला. माणसे अन्नान्न करीत मरू लागली आणि सरकारी कोठारे तर धान्याने भरलेली. धान्य बादशहाचे, किल्ली पंतांची. पंतांनी कोठारे उघडली. लोक जगले, पण पंतांना पकडून बिदरास नेण्याचा हुकूम सुटला. पंत वाटेवर असतानाच पंढरीचा राणा विठू महाराचे रूप घेऊन दरबारात गेला, धान्याची किंमत मोजून दिली आणि रीतसर पावती घेतली. बादशहाने पंतांना गौरवाने परत पाठवले.

या कथेत कीर्तनकार भक्तीचा महिमा पाहतात, आणि तो आहेच. पण मला तिच्यातली पावती फार महत्त्वाची वाटते. लोकांना पंतांची दया तर हवीच होती. ती नसती तर पंत कोणाच्या स्मरणातही उरले नसते. तरी एवढ्याने लोकांचे मन भरले नाही. कोठार रिते झाले, वहीत तूट आली, ही गोष्ट त्यांच्या मनाला कुठेतरी टोचत राहिली असावी. म्हणून ज्या लोकांच्या पोटात ते धान्य गेले, त्यांच्याच लेकरांनी पुढे गोष्ट सांगताना प्रत्यक्ष देवाला पैसे भरायला लावले. दया करणारा थोर खरा. पण कोणीतरी हिशेब चुकता केला पाहिजे, हा विवेक निरक्षर म्हणवणाऱ्या लोकांनी आपल्या कथेत जपून ठेवला. दामाजीपंतांपुढे वही आणि भूक यांचा झगडा होता, आणि तो सोडवायला विठोबाला यावे लागले. प्रश्न असा की, ज्यांच्यासाठी विठोबा येत नाही त्यांनी काय करावे?

इंग्रजांच्या देशात या किल्लीचा इतिहास फार जुना आहे. तिकडच्या अर्थमंत्र्याच्या खात्याचे नावच मुळी बुद्धिबळाच्या पटावरून पडले. मध्ययुगात राजाचा वसूल मोजताना मेजावर चौकटींचे कापड अंथरीत आणि त्यावर सोंगट्या मांडून बेरीज-वजाबाकी करीत; आपल्याकडे कवड्या मांडीत तसेच. त्या पटाचे नाव खात्याला चिकटले आणि आजतागायत टिकले. या जागेवर बसलेल्या माणसांच्या कथा वाचताना मनुष्यस्वभावाचे सगळे मासले पाहायला मिळतात. जॉन एस्लबी नावाचा अर्थमंत्री ‘साउथ सी’ कंपनीच्या भागभांडवलाच्या घोटाळ्यात गुंतला आणि १७२१ साली पार्लमेंटातून काढला जाऊन लंडनच्या टॉवरमध्ये कैदेत पडला. उलट एकोणिसाव्या शतकात चार वेळा या पदावर आलेले ग्लॅडस्टन यांनी सरकारी खर्चातली दमडी न दमडी वाचवणे हा धर्मच मानला. १८६०च्या सुमारास त्यांच्यासाठी तयार झालेली अंदाजपत्रकाची लाल पेटी पुढचे बहुतेक सगळे अर्थमंत्री २०१०पर्यंत वापरीत आले.

ह्यू डाल्टन यांची गोष्ट तर घरातल्या मुलांनाही सांगण्याजोगी आहे. १२ नोव्हेंबर १९४७ रोजी अंदाजपत्रक मांडायला सभागृहात शिरता शिरता त्यांनी ओळखीच्या एका बातमीदाराला नव्या करांविषयी दोन शब्द सांगितले. भाषणात तो भाग येण्याआधीच सायंपत्राच्या काही प्रती विकल्याही गेल्या होत्या. कोणाचा फारसा फायदा झाला नाही, डाल्टन यांच्या खिशात पैसाही गेला नाही. तरी दुसऱ्या दिवशी त्यांनी राजीनामा दिला आणि तो स्वीकारला गेला. किल्ली नुसती वाजली तरी ती सांभाळणाऱ्याने खाली ठेवावी, असा तो दंडक.

राजीनामा म्हटला की आपल्या मनात लगेच त्यागाची कल्पना येते. पण सगळेच राजीनामे त्यागाचे नसतात. लॉर्ड रँडॉल्फ चर्चिल हे १८८६च्या ऑगस्टमध्ये अवघ्या सदतिसाव्या वर्षी अर्थमंत्री झाले. सैन्यावरचा खर्च कमी करा, नाही तर मी जातो, असे त्यांनी डिसेंबरात पंतप्रधानांना कळवले. आपल्यावाचून मंत्रिमंडळ चालणार नाही, अशी त्यांची खात्री असावी. पंतप्रधानांनी राजीनामा शांतपणे स्वीकारला, त्यांच्या जागी गोशेन यांना नेमले आणि कारभार पुढे चालू झाला. रँडॉल्फ यांना एकही अंदाजपत्रक मांडता आले नाही आणि पुन्हा मंत्रिपदही मिळाले नाही. कारण चांगले होते, काटकसरीचे होते. पण किल्ली खाली ठेवताना ती पुन्हा सन्मानाने हातात येईल असा हिशेब मनात होता, आणि तोच चुकला.

आता ज्या अर्थमंत्र्याची गोष्ट सोलापूरकराने विशेष लक्ष देऊन ऐकावी, त्याच्याकडे वळतो. फिलिप स्नोडन यांचा जन्म १८६४ साली यॉर्कशायरमधल्या एका खेड्यात विणकराच्या घरी झाला. पुढे आजाराने अधू झालेले शरीर काठ्यांच्या आधाराने सावरीत त्यांनी गावोगाव गरिबांच्या हक्कांसाठी व्याख्याने दिली, आणि १९२४ साली मजूर पक्षाचे पहिले अर्थमंत्री झाले. विणकराच्या घरातला मुलगा इंग्लंडच्या तिजोरीशी जाऊन बसला! माग आणि गिरण्या यांवर जगलेल्या आमच्या गावाला या गोष्टीचे कौतुक वाटावे हे साहजिक आहे. सोलापूरच्या न्यायालयात पट्टेवाल्याची नोकरी केलेले सुशीलकुमार शिंदे पुढे महाराष्ट्राचे अर्थमंत्री झाले, तेव्हा असेच कौतुक इथे घरोघर झाले होते.

पण स्नोडन १९२९ साली दुसऱ्यांदा अर्थमंत्री झाले आणि त्याच मजूर सरकारच्या राजवटीत, मे १९३० मध्ये, सोलापुरावर लष्करी कायदा बसला. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि अब्दुल रसूल कुर्बान हुसेन या आमच्या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी देण्यात आले. तिकडे तिजोरीवर विणकराचा मुलगा, इकडे विणकरांच्या गावावर बंदुका. स्नोडन यांना एकट्याला याबद्दल दोष देणे न्यायाचे होणार नाही. ते खाते त्यांचे नव्हते. मात्र किल्ली गरिबाच्या मुलाच्या हाती आली म्हणजे गरिबाचे राज्य आले, असे मानण्याची घाई करू नये, एवढे त्यावरून शिकावे.

खरी कसोटी १९३१च्या ऑगस्टात लागली. जगभर मंदी, इंग्लंडात पंचवीस लाखांहून अधिक लोक बेकार, आणि बँकेतले सोने रोज बाहेर चाललेले. पौंडाचे सोन्याशी असलेले नाते टिकवायचे तर खर्च कमी केलाच पाहिजे, आणि बेकारांच्या भत्त्यात शेकडा दहा कपात केलीच पाहिजे, असे स्नोडन यांचे ठाम मत होते. मंत्रिमंडळ दुभंगले, सरकार पडले. स्नोडन मात्र नव्या राष्ट्रीय सरकारात अर्थमंत्रीच राहिले, आणि सप्टेंबरच्या दहा तारखेला त्यांनी ती कपात मांडली. ज्यांच्यासाठी आयुष्यभर भांडले, त्यांच्याच ताटातला घास त्यांनी कमी केला, तोही वहीच्या आज्ञेवरून. आणि पुढे काय झाले? २१ सप्टेंबरला पौंडाचे सोन्याशी असलेले नाते तुटलेच. ज्यासाठी घास काढला ते वाचले नाही. आणि ते तुटले म्हणून आकाशही कोसळले नाही.

त्या निर्णयाची झळ आपल्यालाही लागली. रुपया पौंडाशी बांधलेला होता. सोन्याचा भाव चढला आणि मंदीने गांजलेल्या आपल्या शेतकऱ्यांच्या घरातले दागिने सोनाराच्या ताजव्यात जाऊन तेथून परदेशी गेले. लंडनमध्ये एक किल्ली फिरली आणि खेड्यातल्या बायकांचे गळे ओके झाले.

स्नोडन अप्रामाणिक होते का? मुळीच नाही. त्यांना वही हाच धर्म वाटत होता. पण १९३२ साली त्यांनी अखेर सरकारातून राजीनामा दिला, तो बेकारांसाठी नव्हे. खुल्या व्यापाराचे तत्त्व मोडले म्हणून. म्हणजे राजीनामा देण्याचे बळ त्यांच्यात होते. माणसांसाठी ते बाहेर आले नाही, तत्त्वासाठी आले. हे कळले की मन खिन्न होते.

आपल्या देशातही या पदाचा आरंभ एका इंग्रजाच्याच हाताने झाला. टोप्यांच्या धंद्यातून वर आलेले आणि ‘इकॉनॉमिस्ट’ हे पत्र काढणारे जेम्स विल्सन यांनी १८६० साली कलकत्त्यात पहिले अंदाजपत्रक मांडले, प्राप्तीवरचा कर बसवला, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तिथेच आजाराने त्यांचा अंत झाला. त्यानंतर सत्याऐंशी वर्षे आपल्या तिजोरीची किल्ली ज्यांच्याकडे होती, ते लंडनला जबाबदार होते, आपल्याला नव्हे.

स्वातंत्र्यानंतरचे आपले पहिले चारही अर्थमंत्री राजीनामा देऊन गेले, ही गोष्ट किती जणांच्या लक्षात असेल? षण्मुखम चेट्टी १९४८ साली करचुकवेगिरीच्या खटल्यांवरून उठलेल्या वादात गेले. जॉन मथाई १९५० साली नियोजन मंडळाच्या अधिकारांविषयीच्या मतभेदाने गेले. टी. टी. कृष्णम्माचारी १९५८ साली आयुर्विमा महामंडळाच्या पैशाने मुंदडा यांच्या कंपन्यांचे भाग घेतल्याच्या प्रकरणी, न्यायमूर्ती छगला यांच्या उघड चौकशीनंतर गेले. या तिघांची कारणे कमीअधिक पैशाची, खात्याची होती. मधल्याचे तसे नव्हते. तो मधला म्हणजे चिंतामणराव देशमुख.

कुलाबा जिल्ह्यातल्या नाते गावी १८९६ साली जन्मलेले चिंतामणराव सनदी नोकरीच्या परीक्षेत १९१८ साली पहिले आले, १९४३ साली रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले, आणि १९५० साली देशाचे अर्थमंत्री. संस्कृतावर त्यांचे इतके प्रेम की कालिदासाचे ‘मेघदूत’ त्यांनी मराठीत आणले. आकड्यांत मुरलेला, शांत, शिस्तीचा माणूस. आरडाओरडा त्यांच्या स्वभावात नव्हता. जानेवारी १९५६ मध्ये मुंबई महाराष्ट्राला न देता केंद्राच्या ताब्यात ठेवण्याचा निर्णय जाहीर झाला, मुंबईत उसळलेल्या दंगलींत पोलिसांनी गोळ्या झाडल्या. त्या चळवळीत शंभरावर माणसे प्राणांस मुकली. चिंतामणरावांनी जानेवारीतच राजीनामा देऊ केला, पण पंतप्रधानांच्या इच्छेवरून तो थांबला. अखेर जुलै १९५६ मध्ये त्यांनी पद सोडले आणि लोकसभेत उभे राहून कारणे सांगितली.

त्या निवेदनातली दोन कारणे नीट पाहण्यासारखी आहेत. एक, मुंबईविषयीचा निर्णय मंत्रिमंडळात रीतसर विचार न होता जाहीर झाला, असे त्यांचे म्हणणे होते; नेहरूंनी हा आरोप मान्य केला नाही. दुसरे, लोकांवर गोळ्या झाडल्या गेल्या आणि त्यांची न्यायालयीन चौकशी होत नाही. पाहा, अर्थमंत्र्याच्या रोजच्या कामाची रीत काय? खर्चाला आधी मंजुरी हवी आणि खर्चानंतर पावती हवी. चिंतामणरावांनी तेच मागितले. निर्णयाला मंजुरी कोणाची, आणि गेलेल्या जिवांचा हिशेब कुठे आहे? सरकारी कचेरीतल्या चार आण्यांच्या खर्चासाठी जो कागद मागतो, त्याने माणसांच्या मरणाला कागद मागू नये काय? म्हणून मला त्यांचा राजीनामा वहीविरुद्ध केलेले बंड वाटत नाही. वहीचा नियम त्यांनी वहीबाहेरच्या गोष्टीला लावला.

यावर आक्षेप आहेत, आणि ते हलके नाहीत. पहिला असा की, साऱ्या देशाची किल्ली ज्याच्याकडे आहे त्याने आपल्या प्रांतासाठी ती टाकावी का? उद्या प्रत्येक मंत्री असेच करू लागला तर देश चालेल कसा? आमच्या सोलापुरात मराठी, कानडी, तेलुगू, उर्दू बोलणारी माणसे एकाच गल्लीत नांदतात. भाषेच्या नावाने तिजोरीच्या किल्ल्या टाकल्या जाऊ लागल्या तर आम्हाला सर्वांत आधी भीती वाटली पाहिजे. हे मला मान्य आहे. केवळ ‘मुंबई आमची’ एवढ्यासाठी ते गेले असते तर मी त्यांना चांगला मराठी माणूस म्हटले असते, चांगला अर्थमंत्री म्हटले नसते. पण न पुसता निर्णय आणि न चौकशीचा गोळीबार या तक्रारी कोणत्याही भाषेत बोलता येतात. १९३० साली त्या सोलापूरने केल्याच होत्या.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. जे चिंतामणराव १९३० आणि १९४२ साली इंग्रजी नोकरीत स्वस्थ राहिले, त्यांना गोळीबाराचे दुःख १९५६ सालीच का झाले? सुभाषबाबूंनी १९२१ सालीच सनदी नोकरी सोडली होती. या प्रश्नाला पूर्ण समाधानाचे उत्तर नाही. एवढेच म्हणता येईल की परक्यांच्या राज्यात किल्ली सांभाळणारा नोकर असतो. आपल्या राज्यात तो विश्वस्त असतो, आणि विश्वस्ताला मौन अधिक महाग पडते. आणि माणसाने एकदा न केलेली गोष्ट पुढे कधीच करू नये, असा नियम केला तर कोणालाच सुधारता येणार नाही.

तिसरा आक्षेप व्यवहाराचा : राजीनाम्याने मिळाले काय? ऑगस्ट १९५६ मध्ये संसदेने द्वैभाषिक मुंबई राज्य ठरवले, आणि मुंबईसह महाराष्ट्र व्हायला १ मे १९६० उजाडावा लागला. खरे आहे. पण फळावरून कृत्य तोलायचे, तर मग स्नोडन यांची कपातही फळावरूनच तोलावी लागेल, आणि ती तर अकरा दिवसांत निष्फळ ठरली. फळ आपल्या हाती नसते. मग तोलावे कशावरून?

मला तीन वजने सुचतात. निर्णयाची किंमत कोणी भरली, हे पहिले. स्नोडन यांच्या निष्ठेची किंमत बेकारांनी भरली; त्यांना स्वतःला पुढे लॉर्डांच्या सभेत जागा मिळाली. चिंतामणरावांनी आपल्या निष्ठेची किंमत स्वतः भरली. पण स्वतः किंमत भरणे एवढेच पुरत नाही. रँडॉल्फ चर्चिल यांनीही ती भरली होती. म्हणून दुसरे वजन : किल्ली ठेवताना ती परत मिळवण्याचा डाव मनात होता का? आणि तिसरे : जाणाऱ्याने आपली कारणे चारचौघांत, तपासता येतील अशी मांडली का? घुश्श्यात दार आपटून जाणारा आणि हिशेब समजावून किल्ली सुपूर्द करणारा यांत फार मोठे अंतर आहे. चिंतामणरावांनी वेगळी चूल मांडली नाही. त्याच वर्षी ते विद्यापीठ अनुदान मंडळाचे अध्यक्ष झाले आणि मुकाट्याने कामाला लागले. ज्या पंतप्रधानांशी मतभेद झाला, त्यांच्याच राजवटीत त्यांना ते काम मिळाले, हे दोघांनाही शोभणारे होते.

येथे रामशास्त्री प्रभुण्यांची आठवण झाल्यावाचून राहत नाही. नारायणराव पेशव्यांच्या खुनानंतर रघुनाथरावांच्या तोंडावर न्याय सांगून ते पुण्याबाहेर पडले आणि राज्य सावरल्यावर पुन्हा न्यायासनावर आले. ज्याला जाता येते, त्यालाच पुन्हा बोलवावेसे वाटते.

तरीही दामाजीपंतांचा प्रश्न उरतोच, आणि तो मी झाकून ठेवू इच्छीत नाही. राजीनामा हा सुशिक्षित, सुखवस्तू माणसाचा मार्ग आहे. दारात भुकेला उभा असताना किल्ली खाली ठेवून निघून जाणे, हे कोठार बंद ठेवण्यासारखेच नव्हे काय? मंगळवेढ्यात पंतांनी राजीनामा लिहून पाठवला असता तर दुसरा अंमलदार येईपर्यंत निम्मे गाव मेले असते. तेव्हा जिथे जीव तत्काळ जात आहे तिथे कोठार उघडावे, आणि बेड्या पडल्या तर त्या घालून घ्याव्यात. मात्र किती धान्य गेले ते लिहून ठेवावे. जिथे चूक वरच्या निर्णयात आहे आणि आपण राहिलो तर तिच्यावर आपल्या नावाची मोहोर उठते, तिथे किल्ली परत करावी, कारणे सांगून. आणि वही एखाद्याच्या ताटातला घास मागते तेव्हा ती खरेच गणित सांगते आहे की कोणाची तरी निवड गणिताच्या वेषात आली आहे, हे आधी पारखावे. स्नोडन यांनी नेमके तेच पारखले नाही.

आपल्यापैकी फार थोड्यांच्या वाट्याला लाल पेटी येते. पण गृहनिर्माण संस्थेचा निधी, देवळाची पेटी, गणेशोत्सवाची वर्गणी, बचतगटाची वही, एकत्र कुटुंबातला दिवाळीचा खर्च, यांची किल्ली कधी ना कधी प्रत्येकाकडे येते. घरातली ज्येष्ठ बाई पूर्वी किल्ल्यांचा जुडगा कमरेला लावून वावरे आणि सगळ्यांची पाने उठल्यावर जेवायला बसे. तिने कोणते अर्थशास्त्र वाचले नव्हते. कोणाला कमी पडले हे शेवटी बसणाऱ्यालाच कळते, एवढे तिला ठाऊक होते. आणि कमी पडलेच तर ते तिच्या पानावर पडे. तिच्यावर सगळा भार टाकून आपण निश्चिंत राहिलो, हा अन्याय होता खरा, आणि तो आता चालू ठेवू नये. पण तिची ती बसण्याची जागा मात्र अर्थमंत्र्यांना शिकवण्याजोगी आहे.